सहलीची बस चवदार तळ्याला थांबत नाही

रविवारी आमची टोळी इंदिरा गोदीच्या बाहेरच्या अंगाला होती. पोलादाच्या कॉइल उतरवायच्या होत्या. क्रेन बिघडली म्हणून तासभर हात रिकामे. भिंतीवर बसून बिडी पेटवली तर समोरून गेटवेच्या लाँची चालल्या होत्या घारापुरीला. एका लाँचीत नुसती शाळेची पोरं. सगळ्यांच्या अंगात केशरी जॅकेटं. २०२४ च्या डिसेंबरात याच पाण्यात नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, माणसं मेली, तेव्हापासून जॅकेटांची सक्ती आली. पोरं ओरडत होती, गाणी म्हणत होती, आम्हाला हात करत होती. आमचा म्हातारा मुकादम म्हणाला, "काय मजा हाय रं ह्या पोरांची!"

मी हात केला नाही. मी मोजत होतो. लाँचीत किती पोरं आहेत ते नाही. घरी किती राहिली असतील ते.

दोस्तहो, तुम्ही म्हणाल, याचं डोकं फिरलं. गटारात उतरून माणसं मरतायत, शिष्यवृत्त्या लटकल्यात, गोदीत कायम कामगार संपत चाललाय आणि जिकडे तिकडे कंत्राटदार, आणि हा साला शाळेच्या पिकनिकवर लिहितोय! लिहितोय. कारण गटार, शिष्यवृत्ती, कंत्राट यांवर आपण बोलतो तरी. सहलीवर कुणी बोलत नाही. तिथे शिवी नसते, काठी नसते, पोलीस केस होत नाही. तिथे सगळं हसतखेळत चालतं. आणि हसतखेळत जे चालतं ते आतून पोखरत जातं.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच. वर्गात आपल्याला हजेरीचा नंबर बसवतो. सहलीत आणि सुट्टीत आपल्याला जात बसवते. शाळेची घंटा वाजून वर्ग सुटला की दुसरी शाळा भरते. त्या शाळेत आपलं नाव पटावर नाही.

आता माझाच हिशेब मांडतो. दुसऱ्याचा मांडायला मी कोण?

आठवीला सहल गेली लोणावळ्याला. वर्गात आम्ही ५४. गेले ४१. राहिले १३. नोटीस लागली होती फळ्यावर – "सहल सर्वांसाठी खुली आहे. ऐच्छिक आहे." ज्यांची इच्छा नव्हती त्या १३ जणांत ९ आमच्या वस्तीतले, २ मुसलमान, १ वडाराचा, १ कैकाड्याचा. इच्छा पण साली जात बघून होते! आम्हा तेरा जणांना शाळेत यायला लावलं, कारण हजेरी. एका वर्गात कोंडलं, कारण शिक्षक नाहीत. दुपारी शिपायानं बाकडी पुसून घेतली आमच्याकडून. कुणी जबरदस्ती केली नाही. रिकामे बसलोच होतो.

पुढं सहामाहीच्या पेपरात निबंध आला – 'आमची सहल'. पर्याय होता, पण मी तोच निवडला. जे गेले होते त्यांनी आणलेल्या चिक्कीच्या कागदावर पत्ता होता, तो वाचला होता. बाकीचं ऐकलेलं. धुकं, बोगदा, धबधबा, सगळं ठोकून दिलं. दहापैकी सात मार्क. मी आता कविता लिहितो. माझं पहिलं छापील कौतुक त्या खोट्या निबंधाचं होतं, हे इथे कबूल करून टाकतो.

नववीला, २०१४ च्या डिसेंबरात, सहल निघाली रायगडला. वर्गणी साडेआठशे. आय चार घरची भांडी करायची. तिनं एका घरी उचल मागितली, आणि मला म्हणाली, "जा. शिवाजीम्हाराजाचा किल्ला हाय, बघून ये. पन कुनाशी भांडू नको." पहाटे तीनला उठून तिनं चपात्या लाटल्या, सुकटीची चटणी केली, वर कांदा. आमच्याकडे सुकट म्हणजे सणाचं नसलं तरी सहलीचं जेवण.

बस उभी होती. एस्टीचा लाल डबा. शाळेच्या सहलीला एस्टी अर्ध्या भाड्यात मिळते, म्हणून एस्टी. सर दारात उभे राहून म्हणाले, "आपापले ग्रुप करून बसा." बस्स. एवढंच वाक्य. ह्या वाक्यात अपमान कुठे दाखवता येतो का बघा. नाही येत. पण 'आपापले' हा शब्द ऐकल्याबरोबर आमचे पाय आपोआप मागच्या सीटकडे वळले. कुणी ढकललं नाही. गावकूस एस्टीत कुणी बांधलं नव्हतं. ते आम्ही पायांत घेऊन आलो होतो. माझ्या बाकावरचा पोरगा, रोज माझं गणित उतरवणारा, तो पुढे तिसऱ्या सीटवर बसला. माझ्याकडे बघून हसला पण. वाईट नव्हता तो. हे लक्षात ठेवा, यातलं कुणी वाईट नव्हतं.

वडखळला नाश्त्याला थांबलो. तो आला माझ्याजवळ, "काय आणलंस?" मी डबा उघडला. वास आला. तो दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, "आमच्याकडे गुरुवार असतो रे."

त्या दिवशी बुधवार होता.

नागोठणे, कोलाड, माणगाव. गाणी चालू. भेंड्या चालू. महाड जवळ आलं तशी हमरस्त्यावरून गांधारपाल्याची लेणी दिसली. डोंगरात कोरलेली दारंच्या दारं. बौद्ध लेणी. एक पोरगी म्हणाली, "सर, ते काय?" सर म्हणाले, "पांडवांची असतील." आपल्याकडे जे डोंगरात कोरलेलं दिसतं ते पांडवांनी कोरलेलं असतं. पांडवांना बाकी कामधंदा नव्हता.

महाडची पाटी आली तसा मी उठलो. मागच्या सीटवरून पुढपर्यंत चालत गेलो. माझ्या आयुष्यातला तो पहिला मोर्चा म्हणा. एकट्याचा.

"सर, चवदार तळं इथंच आहे ना? पाच मिनटं थांबवू या का?"

"ते आपल्या वेळापत्रकात नाही."

"सर, रस्त्यालाच आहे. फक्त पाच मिनटं."

"अरे, तिथं बघण्यासारखं काय आहे? तळं आहे. पाणी आहे नुसतं. बस जागेवर."

पाणी आहे नुसतं! मी जागेवर जाऊन बसलो. गड चढलो, सतराशेच्या वर पायऱ्या, सगळ्यांच्या आधी चढलो. जगदीश्वराचं देऊळ बघितलं, बाजारपेठ बघितली, टकमक टोकावरून खाली वाकून बघितलं. खोटं कशाला बोलू, आवडला मला रायगड. अजून आवडतो. परतताना गाडी महाडच्या स्टँडवर वीस मिनिटं थांबली. चहाला वेळ होता. लघवीला वेळ होता. चवदार तळ्याला पाच मिनिटं नव्हती.

आता हे 'पाणी आहे नुसतं' म्हणजे काय ते सांगतो. आपल्याला माहीत आहे, पण हा अंक ज्यांच्या हाती चुकून पडेल त्यांच्यासाठी.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं त्याप्रमाणे तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर खुलं केलं. तीन वर्षं एकही महार, एकही चांभार त्या पाण्याला हात लावू शकला नाही. तळं सर्वांसाठी खुलं होतं. जाणं ऐच्छिक होतं. आमच्या फळ्यावरची नोटीस आठवते का? तीच नोटीस, नव्वद वर्षं आधीची.

मग २० मार्च १९२७. परिषदेला जमलेली हजारो माणसं रांगेनं तळ्यावर गेली आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. मागोमाग सगळ्यांनी घेतलं. त्यानंतर काठ्या बसल्या, डोकी फुटली. तळं शेणानं-गोमुत्रानं 'शुद्ध' करून घेतलं. मग डिसेंबरात दुसरी परिषद. मंडपाला कुणी जागा देईना, ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमानानं. २५ डिसेंबर १९२७ ला तिथे मनुस्मृती जाळली. खटला चालला आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला. दहा वर्षं. एका ओंजळीला दहा वर्षं. असलं पाणी दुसरीकडे कुठे आहे ते मला सरांनी दाखवावं, मी स्वखर्चानं बघून येतो.

आणि त्या डिसेंबरच्या परिषदेला मुंबईची माणसं गेली कशी, हे मला गोदीत काम करताना फार आठवतं. ती बोटीनं गेली. पद्मावती बोट. २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबर दोनशेच्या आसपास माणसं मुंबई बंदरातून निघाली. धरमतरला उतरून पुढं मोटारीनं जाता आलं असतं, पण मोटारवाले ऐन वेळी सत्याग्रहींना बसू देणार नाहीत अशी भीती होती. म्हणून समुद्रानं दासगाव बंदर, आणि दासगावहून पायी महाड. माझ्या हिशेबी आपली पहिली मोठी सहल ती. ज्यांना मोटारीत सीट मिळायची खात्री नव्हती ती माणसं बोटीनं गेली, आणि येताना तीन हजार वर्षांचं ओझं जाळून आली. परिषद आटोपल्यावर बाबासाहेब सोबत्यांना घेऊन कुठे गेले, माहीत आहे? रायगड बघायला. त्यांनी महाडही केलं आणि रायगडही केला. म्हणून मी म्हणतो, रायगडाशी आमचं भांडण नाही. भांडण त्या वेळापत्रकाशी आहे. रायगडला जाणारी वाट महाडवरून जाते आणि वेळापत्रक तिथं डोळे मिटतं, त्या मिटण्याशी आहे.

बाबासाहेबांनी इंग्रजीत स्वतःच्या काही आठवणी लिहून ठेवल्यात. १९९० साली त्या पुस्तिका म्हणून छापल्या गेल्या, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावानं. त्यातली पहिलीच आठवण कसली आहे? पोरांच्या सुट्टीतल्या प्रवासाची! साल १९०१. वडील गोरेगावला नोकरीला, पोरं साताऱ्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जायचं म्हणून नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या, नवे बूट. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी. मसूर स्टेशनावर उतरेपर्यंत नुसता आनंद. स्टेशनमास्तरनं जात विचारली आणि पोरानं खरं सांगून टाकलं. मग दुप्पट भाडं देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार नाही, तो बाजूनं चालतो, पोरं गाडी हाकतात. रात्रभर डबा जवळ असून पाणी नाही म्हणून उपाशी. नऊ वर्षांचं पोर. त्याला अस्पृश्यता पुस्तकातून कळली नाही. सुट्टीच्या प्रवासात कळली.

आणखी एक आठवण १९३४ ची. चळवळीतले सहकारी म्हणाले, आपण सगळे मिळून लेणी बघायला जाऊ. तीसेक माणसं. म्हणजे सहलच ही. वेरूळ बघायचं, वाटेत दौलताबादचा किल्ला. धुळीनं भरलेली माणसं, किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात गर्दी धावून आली, ह्यांनी पाणी बाटवलं म्हणून. तिथे ओरडणारे मुसलमान होते. शेवटी किल्ला बघू दिला, पण पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर शिपाई दिला. बॅरिस्टर माणूस, गोलमेज परिषद करून आलेला, त्याच्या सहलीवर पहारा!

मला सांगा, शंभर-सव्वाशे वर्षांच्या ह्या हिशेबात माझा 'गुरुवार' कुठं बसतो? शिपाई गेला. पाणी खुलं झालं. गाडीवान आता एस्टीचा ड्रायव्हर आहे, आणि कदाचित आपल्यातलाच आहे. हे सगळं खरं आहे आणि हे फुकट मिळालेलं नाही. पण जे उरलंय ते आता दिसेनासं झालंय, म्हणून जास्त अवघड झालंय. काठीवर केस करता येते. बुधवारी गुरुवार आला, यावर कसली केस करणार?

आता शनिवार-रविवारचं सांगतो. सहल वर्षातून एकदा येते. शनिवार-रविवार दर आठवड्याला येतो.

दहावीला मी शनिवार-रविवार कॅटरर्सकडे जायचो. वाढप्याचं काम. पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात बो. रात्रीचे तीनशे आणि उरलेलं जेवण. वस्तीतली निम्मी पोरं हेच करायची. एका शनिवारी हॉलवर गेलो तर वाढदिवस माझ्या वर्गातल्या पोराचा. वर्गातली वीस-बावीस पोरंपोरी नटूनथटून आलेली. मला बघून तो गडबडला. म्हणाला, "अरे, तुला बोलवणारच होतो. ग्रुपवर टाकलं होतं. तुझ्याकडे व्हॉट्सॲप नाही ना." खरंच नव्हतं. मी म्हटलं, "असू दे रे." आणि त्याला पनीर वाढलं. तो म्हणाला, "बास बास." नेहमी म्हणतात तसं.

सोमवारी कुणी चिडवलं नाही. सगळ्यांनी ठरवून सांभाळून घेतलं. चिडवलं असतं तर मी एकाचं तरी थोबाड फोडलं असतं. सांभाळून घेणाऱ्याचं काय फोडणार?

तेव्हा वाटायचं, आपल्याला केक मिळाला नाही म्हणून जळतंय. आता दहा वर्षं ओझी उचलल्यावर कळतं, केकचा प्रश्नच नव्हता. त्या शनिवारच्या संध्याकाळी काय काय वाटलं जातं ते बघा. अकरावीला कुठलं कॉलेज, फॉर्मची शेवटची तारीख कधी, कुठल्या क्लासचे सर चांगले, कुणाचा मामा बँकेत आहे, कुणाची ताई वकील आहे, इंग्रजी चुकलं तरी न लाजता कसं बोलायचं, मुलींशी-मुलांशी माणसासारखं कसं बोलायचं. ह्यातलं काही पुस्तकात नाही. मार्क आम्हाला पण होते. मॅट्रिक मी साठ टक्क्यांच्या वर पास झालो. पण पास झाल्यावर कुठल्या दारावर थाप मारायची ते त्या संध्याकाळी ठरत होतं, आणि आम्ही तिथेच होतो. ताटं उचलत होतो.

सरकार म्हणेल, आम्ही कायदा केला. केला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा. खाजगी शाळेत दुबळ्या आणि वंचित घरच्या पोरांना २५ टक्के जागा. चांगला कायदा आहे, आपली कितीतरी पोरं त्यातून आत गेली, ती दारं पुन्हा बंद होऊ देता कामा नयेत. पण तो चालतो आठवीपर्यंत. आणि आठवीपर्यंत तरी काय? वस्तीतल्या आयांना विचारा. फी नाही, पण गॅदरिंगचा ड्रेस आहे, सहलीची वर्गणी आहे, वाढदिवसाला वर्गात वाटायची चॉकलेटं आहेत. आणि पोरगं रविवारी विचारतं, "आय, माझा वाढदिवस कुठल्या हॉलात?" दहा बाय दहाच्या खोलीत त्या आयनं काय उत्तर द्यायचं? कायदा पोराला वर्गात बसवतो. पोराशेजारी कोण बसणार, ते ठरवत नाही.

प्रस्थापितांचं उत्तर मला पाठ आहे. "अहो, वर्गणी सगळ्यांना सारखीच असते. आम्ही कुठं भेदभाव करतो?" बरोबर. साडेआठशे रुपये सगळ्यांना सारखेच. एकाच्या बापाचा तो एका संध्याकाळचा खर्च आणि माझ्या आयची ती आठ दिवसांची भांडी. वजनाचा काटा सारखा असला म्हणून ओझं सारखं होत नाही. हे गोदीतला अडाणी हमाल सांगेल.

पण खरं बोलायचं तर मला जास्त राग आपला येतो. हो, आपला. आपले म्हातारे-कोतारे, आपले पुढारी, आपण सगळे.

आपण पोरांना सांगतो, सहल-बिहल श्रीमंतांचं थेर, तू अभ्यास कर. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, तेवढंच आपण ऐकलं. पुढचा शब्द 'संघटित व्हा' आहे. माणूस संघटित कुठे होतो? एकट्यानं पुस्तकात तोंड खुपसून होत नाही. एका सीटवर बसून, एका डब्यात खाऊन, एका गाण्यावर गळा फाडून होतो. आपण पोरांना नेतो ते कुठं? ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. नेलंच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ट्रकात भरून नेतो, रांगेत उभं करतो, घोषणा देतो, भाषण ऐकवतो, परत आणतो. चौदा वर्षांच्या पोराला तिथं हुंदडायला, प्रश्न विचारायला, उगाच बसून राहायला वेळ आपण तरी देतो का? आपलं पण वेळापत्रकच आहे.

आणि पोरी? ट्रकात किती पोरी असतात, मोजा एकदा. पोरांचा रविवार क्रिकेटचा तरी असतो. पोरींचा रविवार नळावर, धुण्यात आणि धाकट्यांना सांभाळण्यात. महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेब बायांशी मुद्दाम वेगळं बोलले होते, १९२७ साली. आणि आपण अजून पोरीला रात्री साडेआठला सहलीची बस येणार म्हटलं की कपाळाला आठ्या घालतो.

आपण म्हणजे मी. आता लपवत नाही. माझी धाकटी बहीण दहावीला आहे. बाप नाही, तेव्हा तिच्या शाळेच्या कागदावर पालक म्हणून सही माझी. मागच्या महिन्यात तिनं सहलीचं संमतीपत्र आणलं. त्यात सगळं होतं. पोहायला उतरणार नाही, दागिने घालणार नाही, काही झाल्यास शाळा जबाबदार नाही. पैसे होते माझ्याकडे, ओव्हरटाइमचे. मी म्हटलं, "काय करायचंय? उशीर होतो. दहावीचं वर्ष आहे." ती काही बोलली नाही. कागद घडी करून दप्तरात ठेवला. तिची सहल होती घारापुरीची. त्या रविवारची.

म्हणून मी भिंतीवर बसून मोजत होतो, दोस्तहो. घरी राहिलेल्यांत एक माझ्या घरची होती, आणि तिला सरांनी नाही, मी मागच्या सीटवर बसवलं होतं. सीटच दिली नव्हती.

मुकादम म्हणाला, "कवी, कुठं हरवलास?" काय सांगू त्याला.

तेव्हा आता नुसतं रडगाणं नको. काय करायचं ते मांडतो. पटलं तर उचला, नाही पटलं तर पुढच्या अंकात मला झोडा.

पहिली गोष्ट शाळेला ठणकावून सांगायची. संपूर्ण वर्ग जाणार असेल तरच सहल. एक पोरगं जरी पैशापायी मागे राहत असेल तर त्याचा भार शाळेनं उचलावा, नाहीतर पैसे परवडतील अशी जवळची जागा शोधावी. एस्टी अर्ध्या भाड्यात येते, मग खर्च वाढतो कुठं? रिसॉर्टमध्ये, वॉटर पार्कमध्ये. ते काढा. शैक्षणिक सहल म्हणता ना, मग शैक्षणिक करा.

दुसरी. बसायची जागा सरांनी नंबरानं लावावी, 'आपापले ग्रुप' बंद. हसाल तुम्ही, पण वर्गात नंबरानं बसल्यामुळंच त्या पोराला माझं गणित मिळालं आणि मला त्याची ओळख.

तिसरी. रायगडला जाणारी महाडवरची प्रत्येक बस चवदार तळ्याला थांबली पाहिजे, गांधारपाल्याला थांबली पाहिजे. ह्यासाठी आपल्या छावणीनं आपापल्या भागातल्या मुख्याध्यापकांना भेटावं. निवेदन नव्हे, भेट. हातात निळा झेंडा असू दे, पण तोंडात पहिलं वाक्य शिवी नको. कारण वर सांगितलं तेच, यातले पुष्कळ लोक वाईट नसतात. त्यांना कुणी थांबायला सांगितलेलंच नसतं.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची. सरकारची, शाळेची वाट न बघता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपली सहल. फक्त आपल्या पोरांची नाही. वडारवाड्यातली, कैकाड्यांची, मोहल्ल्यातली, चाळीतली, येतील ती सगळी. पोरी निम्म्या. निम्म्या नसतील तर सहल रद्द. मुंबईत लोकलच्या तिकिटात काय काय आहे! बोरिवलीला कान्हेरी आहे, शंभराच्या वर लेणी एका डोंगरात, भिक्खूंनी पावसाचं पाणी साठवायला खोदलेल्या टाक्या आहेत. पाण्यासाठी ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या पोरांनी त्या टाक्या बघितल्याच पाहिजेत. दादरला हिंदू कॉलनीत राजगृह आहे, एका माणसानं पुस्तकांसाठी बांधलेलं घर. वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे. घारापुरीला सगळे त्रिमूर्ती बघून परत फिरतात, पण त्याच बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर जुना बौद्ध स्तूप आहे, विटांचा. गाईड तिकडं नेत नाही, आपण जाऊ. आणि जमलं, परवानगी मिळाली, तर पोरांना गोदी दाखवू. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला, शेकड्यांनी माणसं मेली. आपण त्या तारखेला जयंतीत नाचतो, त्या माणसांचीही आठवण ठेवू. आपला बाप, आपला भाऊ दिवसभर काय उचलतो ते पोरांनी एकदा बघू दे. इतिहास फक्त किल्ल्यावर नसतो.

आणि तिथं भाषण नको. डबे असू देत. सुकट असू दे. ज्याचा गुरुवार असेल तो भाकरी खाईल, पण रांगेत शेजारी बसून खाईल.

मी परवा घरी जाऊन बहिणीला म्हटलं, "येत्या पहिल्या रविवारी घारापुरीला जाऊ. स्तूप बघायला. तुझ्या मैत्रिणींना पण विचार." तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुझी सही लागंल का?"

हा टोला मी खाल्ला. तुमच्या घरी पण दप्तरात एखादा घडी केलेला कागद असेल. काढून बघा.

जय भीम.